मागून ढकलणारे इंजिन



दिवसभराचे काम उरकून तुम्ही वर्गाला आला आहात. कुणी भाताच्या खाचरातून आले, कुणी दुकान बंद करून आले, कुणी चूल आवरून आले. म्हणून आम्ही फार लांबण लावणार नाही. आज एका साध्या गोष्टीविषयी बोलू. आपल्यावर रोज कुणी ना कुणी उपकार करतो. त्याची आठवण कशी ठेवावी, एवढीच ती गोष्ट.

आपण इगतपुरीची माणसे. रेल्वेचा घाट आपण रोज पाहतो. हा घाट १८६५ साली सुरू झाला. कसाऱ्याहून इगतपुरी १६ किलोमीटर आहे. पण चढ कसा आहे? ३७ फूट पुढे गेले की गाडी १ फूट वर चढते. बैलगाडीला हा चढ फारसा वाटणार नाही. पण रेल्वेला तो फार मोठा. लोखंडाचे चाक लोखंडाच्या रुळावर घसरते. म्हणून कसाऱ्याला कितीतरी गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. आपण त्यांना बँकर म्हणतो. पुढचे इंजिन ओढते आणि बँकर मागून ढकलतो. गाडी इगतपुरीला आली की बँकर सोडतात. तो मुकाट्याने पुन्हा घाट उतरतो आणि दुसऱ्या गाडीच्या मागे लागतो.

आता सांगा, गाडीतल्या किती लोकांना बँकर दिसतो? खिडकीजवळ बसलेला माणूस धबधबे बघतो, वडा खातो, गाडीला उशीर झाला म्हणून कुरकुर करतो. आपल्याला मागून कुणी ढकलले, हे त्याच्या गावीही नसते. आम्हीही तसेच होतो. मग एका पावसाळ्यात आम्हाला चांगला धडा मिळाला. तो आज तुम्हाला सांगतो.

आमच्या आईच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. घाटाखालच्या एका दवाखान्यात तिचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही घरी निघालो. आमची गाडी जुनी आहे. आई मागे बसली होती. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही आणि औषधाचे थेंब वेळेवर घालायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. शेजारी आमची धाकटी मुलगी औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

कसारा मागे पडला आणि घाटात पाऊस सुरू झाला. धुके असे, की दहा पावलांवरचे दिसेना. अर्धा घाट चढलो असू नसू, तोच गाडीच्या पुढून वाफ निघाली. इंजिन बंद पडले. चढावर गाडी मागे सरकू लागली. आम्ही हातब्रेक ओढला. कशीबशी ती कडेला थांबली.

आता खरे सांगायचे तर आम्ही फार चिडलो. गाडीला शिव्या दिल्या, पावसाला शिव्या दिल्या, स्वतःच्या नशिबालाही दिल्या. आई म्हणाली, "अरे, ओरडून गाडी चालते का? आधी गाडीच्या मागे काहीतरी लाव." पण आम्ही ऐकतो कुठले! तसेच रागारागाने खाली उतरलो, बॉनेट उघडले आणि पाण्याच्या टाकीचे झाकण उघडायला हात घातला.

तेवढ्यात मागून कुणीतरी आमचे मनगट घट्ट धरले.

"भाऊ, तोंड भाजून घ्यायचं आहे का?"

तो एक ट्रकवाला होता. आमची गाडी पाहून त्याने आपला ट्रक पुढे नेऊन कडेला लावला होता. आधी त्याने एक मोठा दगड उचलून आमच्या मागच्या चाकाला लावला. मग बोलायला लागला. तो म्हणाला, "घरी कुकरची वाफ जायच्या आधी झाकण काढता का? हेही तसंच आहे. आत पाणी उकळतंय. झाकण काढलं की सगळं तोंडावर उडणार."

आमच्या अंगावर काटा आला. खरेच, एक क्षण उशीर झाला असता तर आईच्या डोळ्याचे राहिले बाजूला, आमचेच दोन्ही डोळे गेले असते.

अर्धा तास आम्ही थांबलो. इंजिन निवू दिले. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर ते तडकते, हेही त्यानेच सांगितले. नंतर त्याने जाड फडके झाकणावर टाकले, झाकण हळूच सैल केले, उरलीसुरली वाफ जाऊ दिली. पाण्याचा रबरी पाईप फाटला होता. त्याने आपल्या ट्रकमधून जुन्या ट्यूबची पट्टी आणली आणि फाटल्या जागी आवळून बांधली. आपल्या कॅनमधले पाणी टाकीत ओतले. "सावकाश जा. इगतपुरीला पोचल्यावर पाईप बदला," म्हणाला. आईला म्हणाला, "आजी, डोळा सांभाळा."

आम्ही पैसे पुढे केले. त्याने हात जोडले. नाव विचारले, तर हसला आणि म्हणाला, "घाटात नाव कशाला लागतं? उद्या माझी गाडी बंद पडंल, तेव्हा कुणीतरी थांबंलच की." एवढे बोलून तो गेला. धुक्यात त्याच्या ट्रकचा लाल दिवा जरा वेळ दिसला. मग तोही दिसेनासा झाला.

बघा मंडळी, आम्हाला बँकर भेटला तो असा.

रात्री घरी पोचलो. वाटले, सुटलो एकदाचे. पण दार उघडतो तो काय? वाऱ्याने स्वयंपाकघरावरचा पत्रा सरकला होता. जमिनीवर घोटाभर पाणी. वीज गेलेली. गॅसची टाकी बघितली, तर तीही संपलेली. आमची पत्नी आठ दिवस दवाखान्याच्या धावपळीत होती. ती आमच्या आधी एसटीने घरी आली होती. दिवसभर पाणी उपसून ती थकली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही पुन्हा कपाळाला हात लावला.

तेव्हा अंधारात आई विचारते कशी, "तांदळाचं पोतं कुठं आहे?"

आम्ही बॅटरी लावून पाहिले. पोते खाटेवर होते, कोरडे ठणठणीत. मुलीची पुस्तकेही फळीवर होती. शेजारच्या मावशींकडे आमची किल्ली असते. सकाळी दाराखालून पाणी बाहेर येताना त्यांना दिसले. त्यांनी दार उघडले, आपल्या सुनेला हाक मारली आणि दोघींनी मिळून पोते उचलून खाटेवर ठेवले. वर्षाचे तांदूळ वाचले. थोड्या वेळाने त्याच मावशी नागलीच्या भाकरी आणि गरम पिठले घेऊन आल्या. "तुमची चूल आज पेटायची नाही, मला ठाऊक होतं," म्हणाल्या.

जेवण झाले. मुलीने आजीच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. मग आई तिला म्हणाली, "वही घे आणि लिही."

आमची आई दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारखीच रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकली. वय साठीच्या पुढे. तिची एक निळी वही आहे. त्या रात्री तिने नातीला सांगून वहीत चार ओळी लिहून घेतल्या. त्या अशा :

ट्रकवाल्याने हात धरला. लेकाचे तोंड वाचले.
शेजारणीने पोते उचलले. तांदूळ वाचले.
सुनेने दिवसभर पाणी उपसले.
नातीने औषध वेळेवर घातले.

आम्ही ऐकत होतो. तिसरी ओळ ऐकून आम्ही खाली मान घातली. घरात आल्याबरोबर आम्ही पत्र्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, टाकीकडे पाहिले. जी बाई सकाळपासून पाणी उपसत होती तिच्याकडे पाहिलेच नव्हते. ट्रकवाल्यापुढे आम्ही पैसे धरले, हात जोडले. घरच्या माणसाला मात्र एक गोड शब्दही बोललो नव्हतो. मंडळी, परक्याचा उपकार लवकर दिसतो. घरातल्या माणसाचा उपकार आपण हक्क समजतो.

आता तुमच्यापैकी कुणी विचारील, "म्हणजे छप्पर गळत असले तरी गप्प बसून आभारच मानायचे का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे : मुळीच नाही. गळका पत्रा बसवलाच पाहिजे. रस्त्यात खड्डा असेल तर ग्रामसभेत उठून बोललेच पाहिजे. आमच्या गाडीखाली आठ दिवस पाणी ठिबकत होते. आम्ही ते पाहिले होते आणि "बघू नंतर" म्हणून सोडून दिले होते. तो दोष नशिबाचा नव्हता, आमचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही नवा पाईप बसवला आणि पत्रा आकड्यांनी घट्ट केला. उपकार आठवायचे म्हणजे चुकीवर पांघरूण घालायचे, असे नव्हे. उलट ट्रकवाल्याने आमचे तोंड वाचवले, तर पुन्हा कुणावर ती पाळी आणू नये, हीच त्याची खरी फेड.

आणि हे काही बाहेरून आणलेले शहाणपण नाही. आपल्या बापजाद्यांना ते ठाऊक होते. श्रावणातल्या अमावास्येला आपण पोळा करतो. वर्षभर राबणाऱ्या बैलाच्या खांद्याला त्या दिवशी जू लावत नाही. त्याला न्हाऊ घालतो, पुरणपोळी चारतो. दसऱ्याला विळा, कोयता, नांगर यांना हळदकुंकू लावतो. ट्रकला, रिक्षाला झेंडूचा हार घालतो. घाटाच्या माथ्यावर घाटनदेवीपुढे कितीतरी गाडीवाले थांबून हात जोडतात. मुक्या बैलाचा आणि लोखंडी कोयत्याचाही उपकार मानणारी आपण माणसे. मग जित्या माणसाचा का विसरावा?

जरा आजूबाजूला बघा. जुलै २०२१ मध्ये आपल्या घाटात मुसळधार पाऊस झाला. दरडी कोसळल्या, रुळाखालची खडी वाहून गेली, गाड्या बंद पडल्या. तेव्हा रेल्वेची माणसे भर पावसात उभी राहिली आणि त्यांनी मार्ग पुन्हा सुरू केला. दर पावसाळ्यात रात्री-बेरात्री हातात दिवा घेऊन रुळांवरून गस्त घालणारी माणसे असतात. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा भागही खुला झाला. सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या काही मिनिटांत डोंगर पार करतात. तो डोंगर कुणी फोडला? हजारो मजुरांनी. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण रस्ता आपल्या पायाखाली आहे.

नाव ठाऊक नसेल तर उपकार कसा फेडावा? ट्रकवाल्यानेच ते सांगून ठेवले आहे. आपण दुसऱ्यासाठी थांबावे. रस्त्यात कुणाला अपघात झाला, तर १०८ नंबरला फोन करावा. रुग्णवाहिका येते, तिला पैसे लागत नाहीत. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती सोडून द्या. २०१९ साली मोटार वाहन कायदा सुधारला. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

आणि आणखी एक काम करा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आजपर्यंत वहीत काय लिहिले? स्वतःचे नाव, गावाचे नाव, दुकानाचा हिशेब, उधारीचा आकडा. कुणाकडून किती येणे, हे आपण लिहितोच. आजपासून त्याच वहीत रोज एक ओळ दुसऱ्या हिशेबाची लिहा. आज आपल्याला कुणी काय दिले? "वहिनीने विहिरीवर कळशी उचलून दिली." "मुलाने न सांगता गोठा झाडला." "कंडक्टरने गाडी थांबवली." मोठे काही नको. एकच ओळ. काना, मात्रा चुकली तरी चालेल. आणि त्यातले माणूस घरातलेच असेल, तर लिहून झाल्यावर त्याला ती ओळ वाचून दाखवा.

आमच्या आईला पुढे डॉक्टरांनी वाचायची मोकळीक दिली. पट्टी निघाली, नवा चष्मा आला. त्या दिवशी तिने निळी वही स्वतः उघडली. नातीने लिहिलेल्या चार ओळी बोट ठेवून वाचल्या. मग खाली आपल्या वळणदार नसलेल्या, पण ठळक अक्षरात पाचवी ओळ लिहिली :

डॉक्टरांनी डोळा दिला. मास्तरांनी अक्षर दिले. म्हणून हे वाचता आले.

उद्या सकाळी घाटात गाडीची शिट्टी ऐकाल, तेव्हा पुढचे इंजिन जरूर पाहा. पण जरा थांबून मागचेही पाहा. आणि रात्री वहीत एक ओळ लिहा.

राम राम.