वेंगुर्ल्याच्या खडकांवरील पक्षी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस 'शिक्षकी पेशातील अनुभव' हा विषय दिला होता. परंतु येत्या मे महिन्यात आपल्या कुटुंबांची सहल होडीने वेंगुर्ल्याच्या खडकांवर नेण्याचे घाटत आहे असे कानी आले, तेव्हा आम्ही विषय बदलण्याची अनुज्ञा मागितली. त्यांनी ती उदारपणे दिली. सहल रद्द करा असे सांगण्यासाठीच ती मागितली होती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. (हशा.)

वेंगुर्ले बंदरापासून सुमारे ९ मैलांवर, भर समुद्रात हे खडक आहेत. तेथील दीपगृहाचा उजेड आपणांपैकी पुष्कळांनी किनाऱ्यावरून पाहिला असेल. राष्ट्रीय सभेच्या १८८५ मधील स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता, ते ॲलन ह्यूमसाहेब १८७५ साली येथील पक्षी पाहून गेले होते. पुढे १९४० च्या सुमारास मुंबईचे हुमायून अब्दुलअली यांनी या पक्ष्यांवर लेख लिहिले. येथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात त्यांचे सार करतात, म्हणून ती ओरबाडली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने या शतकाच्या आरंभी त्याविरुद्ध काम उभारले. परंतु तो चोरांचा विषय झाला. आम्हांस बोलावयाचे आहे ते सज्जनांविषयी.

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत या खडकांवर सुरय पक्ष्यांची वीण होते. एक जात डोळ्यावरून पांढरी रेघ गेलेली, करड्या पाठीची. ती कपारीत अंडे घालते. दुसरी तुरेवाली, ती उघड्या कातळावर एकमेकींना खेटून बसते. काड्याकाटक्यांचे घरटे नाही. जोडप्यामागे बहुधा एकच अंडे, तीच त्यांची वर्षाची कमाई. ते सुमारे चार आठवडे उबवावे लागते. 'उबवावे' म्हटले तरी मे महिन्यात पक्ष्याचे खरे काम ऊब देण्याचे नसून सावली धरण्याचे असते.

हे आम्ही फार उशिरा शिकलो. सुमारे ३५ वर्षांपूर्वी आम्ही स्वतः सातवीची १४ मुले घेऊन त्या खडकावर उतरलो होतो. हेतू शुद्ध होता. पुस्तकातला पक्षी मुलांनी डोळ्यांनी पाहावा! आम्ही पाऊल ठेवताच सारा थवा आकाशात उठला. मुलांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या. मग सावली पाहून शिदोऱ्या सोडल्या. एका मुलाने टोपीत अंडे आणले, त्याला आम्ही रागावलो आणि आपण शिस्त राखली असे समाधान मानले. दोन तासांनी म्हातारा तांडेल म्हणाला, "मास्तरानू, चला आता. तुमी आसास तवसर पाखरां खाली येवची नाय."

तो कातळ इतका तापला होता की अनवाणी पाय ठेववत नव्हता. त्यावर दोन तास उघडी पडलेली अंडी आम्ही मोजली नाहीत. ज्या अंड्यासाठी मुलाला रागावलो, ते एक होते.

तेव्हा विनंती एवढीच, की विणीच्या दिवसांत आपल्यापैकी कोणी तेथे उतरू नये, आणि ज्यांच्या घरी होड्या आहेत त्यांनी पर्यटकांनाही उतरवू नये. भाड्याचे नुकसान होईल हे आम्ही जाणतो. होडीतून, पक्षी उठणार नाहीत इतक्या अंतरावरून पाहता येते. दुर्बीण आमच्याकडे आहे, मागेल त्याला देऊ. उरलेले अन्नही तेथे टाकू नये. होडीतून एखादा उंदीर गेला आणि त्याने तेथे बस्तान बसविले, तर पुढचे काम माणसाला करावे लागत नाही.

होडीवाल्यास विसार दिला गेल्याचे कळते. तो परत मिळत नसल्यास तेवढी रक्कम आम्ही भरू. चिटणिसांनी सभा संपल्यावर आम्हांस गाठावे.