दाराचं माप

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला परदेश प्रवासाचे अनुभव सांगायची आज्ञा झाली आहे. मुलगा चाकणच्या कारखान्यातून जर्मनीला गेला, म्हणून आम्ही उभयता महिनाभर तिकडे होतो. लोक चर्च पाहतात, राजवाडे पाहतात. मी जुन्या गल्ल्यांत दारं पाहत हिंडलो. ओकची जाड दारं, कोरलेल्या वेली, चौकटीवर घर बांधल्याचं साल. एका दारापुढे इतका वेळ उभा राहिलो की सौ. म्हणाली, "अहो, चला आता. आतून कुणी येऊन विचारेल, काय हवंय म्हणून!"

खरं सांगतो, मला आमच्या चाकणच्या वाड्याचं दार दिसत होतं. सागवानी, दोन फळ्यांचं. एका फळीत छोटी दिंडी. दिवेलागणीनंतर मोठं दार बंद झालं की वाकून तिच्यातूनच यायचं. बिजागरी नाही, फळीचं टोकच दगडी खळग्यात फिरायचं आणि कुरकुरायचं. उशिरा घरी आलेला मुलगा त्या आवाजानंच पकडला जायचा. आत भिंतीतून ओढायचा अडसर, वर गणेशपट्टी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तींनी धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. आमच्याही दाराला खिळे होते, पण बोथट, शोभेचे. चाकणला हत्ती कुठून येणार? यायच्या त्या कांद्याच्या गाड्या.

१९९६ साली भावाभावांत वाटण्या झाल्या, वाडा उतरवला. मी बँकेतला, म्हणून दाराची किंमत मी काढली. टेप लावून घनफूट मोजले, सागाचा भाव लावला. नक्षीचे पैसे धरले नाहीत. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं जराही घासाघीस केली नाही. रोज तारण पाहणाऱ्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं!

पुढे पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कोरीव दारं जमवली आणि १९७५ साली सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. तिथं मी प्रत्येक दाराला दिंडी आहे का ते बघत होतो. आमचं नव्हतं. असणार तरी कसं, पण पाहिलं.

गणेशपट्टी मात्र गेली नाही. व्यापारी यायच्या आदल्या दिवशी आईनं ती गड्याकडून काढून घेतली आणि कुणालाही सांगितलं नाही. ती गेल्यावर तिच्या जुन्या पेटीमागे, घोंगडीत गुंडाळलेली सापडली. तेव्हापासून आमच्या माळ्यावर आहे.

आपलं सभागृह नुकतंच रंगवलं आहे. काल दुपारी कुणी नसताना मी त्याच्या दाराचं माप घेतलं. चौकट चार फूट, पट्टी साडेचार. नामफलक थोडा वर सरकवावा लागेल. समितीनं ठरवावं, पट्टी मी तेल लावून ठेवली आहे.