फॅन फिरत नाही? लगेच मोटर बदलू नका

जुनी ओम्नी. ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा वर, गाडी पळायला लागली की खाली. म्हणजे बहुतेक रेडिएटरचा फॅन बंद आहे. गॅरेजवाला म्हणेल, मोटर गेली. थांबा जरा! इंजिन थंड होऊ द्या. फॅनचा प्लग काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, हात पात्यांपासून लांब ठेवून. फिरला? मग मोटर ठणठणीत आहे, खर्च वाचला. आता फ्यूज आणि रिले बघा. थर्मो स्विच दोन वायरींचा असेल तर प्लग काढून त्या वायरी एकमेकींना जोडा, चावी ऑन करा. फॅन चालला तर स्विच गेलाय. तरी नाही? मग अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलीय, तिथला गंज घासून काढा. तिथे सहसा कुणी बघतच नाही! आणि हो, उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा सिगरेटची चांदी अजिबात लावू नका, वायरिंग पेटतं.