न तपासता निदान नको

बसवनगुडीत सकाळी फिरून झालं की आम्ही निवृत्त मंडळी कट्ट्यावर बसतो. परवा एका नेत्याचं नाव निघालं. एक जण म्हणाला, "याला निमहान्समध्ये दाखल करा!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

सैन्यात वैद्यकीय श्रेणीला 'शेप' म्हणतात. त्यातला 'एस' मानसिक स्वास्थ्याचा. तो खाली आणायचा तर मानसोपचारतज्ज्ञ माणसाला समोर बसवून तपासतात. नुसतं भाषण ऐकून ठरवत नाहीत.

अमेरिकेत १९६४ साली 'फॅक्ट' मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, उमेदवार बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का? १,१८९ जणांनी न तपासताच 'नाही' म्हटलं. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण मासिकावरचा बदनामीचा खटला जिंकले. १९७३ पासून तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम आहे: तपासणी आणि संमतीशिवाय असं मत जाहीर करायचं नाही.

आपल्याकडे मानसिक कारणावरून खासदार अपात्र ठरवायचा तर, घटनेच्या कलम १०२ प्रमाणे, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर करावं लागतं.

मग आपण गप्प बसायचं का? मुळीच नाही. नेत्याच्या बोलण्याचा, निर्णयांचा जाब जरूर विचारा. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही.

पण आजाराचं नाव शिवीसारखं वापरू नका. झोप उडालेला एखादा जवान ते ऐकत असतो, आणि मग डॉक्टरकडे जायचं टाळतो. मला काळजी त्याची आहे.