जुगाराचे व्यसन आणि सोबत्यांचा आधार

(वर्षावासातील व्याख्यानमालेत उपासक कुटुंबांसमोर दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानासाठी जो विषय घेतला आहे, तो आपल्या घरांत सहसा बोलला जात नाही. दारूविषयी आपण उघडपणे बोलतो, कारण दारू प्यालेला मनुष्य रस्त्यावर दिसतो. जुगारी दिसत नाही. त्याच्या तोंडास वास येत नाही, त्याची पावले अडखळत नाहीत. तो वेळेवर कामावर जातो, सभेस येतो, वर्गणीही देतो. पत्नीचे दागिने गहाण पडले, मुलीची फी थकली आणि सावकार दाराशी येऊन उभा राहिला, म्हणजे मग घरास कळते. तोवर फार उशीर झालेला असतो.

जुगार सोडण्याचा निश्चय करणारे पुष्कळ असतात. तो वर्षभर टिकविणारे थोडे. हा निश्चय कशाने मोडतो आणि कशाने टिकतो, एवढ्याचाच विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम हे व्यसन जडते कसे ते पाहू. मुंबईच्या गिरणगावाने ते फार जवळून पाहिले आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडे व बंद होई, त्यावर मुंबईत पैजा लागत. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो आधार सुटला, तेव्हा आकडे मुंबईतच काढले जाऊ लागले आणि मटका हे नाव चाळीचाळींतून पोचले. दिवसाचा एक आकडा ‘ओपन’चा, दुसरा ‘क्लोज’चा. ओपनला हरलेला कामगार क्लोजची वाट पाही. क्लोजला हरला की उद्याच्या ओपनची. आशा विझू द्यावयाची नाही, हीच त्या व्यवस्थेची खुबी होती.

त्यातील हिशेब पाहा. ० ते ९ ह्या दहा आकड्यांपैकी एकावर पैसे लावावयाचे. तो लागला तर रुपयास साधारणतः नऊ रुपये मिळावयाचे. आकडे दहा आणि मोबदला नऊ, एवढ्यातच सारा धंदा आला. रुपया एकदा लावला की सरासरीने त्यातील दहा पैसे गेले. शंभर रुपये घेऊन, आलेले पैसे पुन्हा लावीत, दहा फेऱ्या केल्या तर सरासरीने पस्तीस रुपये उरतात. स्वप्नात दिसलेला आकडा, बुवाने दिलेला आकडा, मोटारीच्या पाटीवरचा आकडा, ह्यांपैकी कशानेही हा हिशेब तसूभर बदलत नाही. बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहिले तर नशीब नावाची वस्तू येथे कोठेच सापडत नाही.

परंतु हिशेब समजला म्हणजे व्यसन सुटले, असे होत नाही. हिशेब उत्तम जाणणारे कारकून आणि मास्तरही ह्यात बुडालेले आहेत. ह्याचे कारण असे की, बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले म्हणजे मन त्याच्यामागे अधिकच धावते. आकडा एका घराने चुकला, तर तो हरण्यासारखा न वाटता जवळजवळ जिंकल्यासारखा वाटतो. आणि हरलेले पैसे परत मिळवावेत म्हणून खेळावयाचे, ही तर ह्या रोगाची सर्वांत मोठी खूण आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली ह्यास विकार म्हणून मान्यता दिली आणि २०१३ साली त्याची गणना दारू व मादक द्रव्ये ह्यांच्या व्यसनांबरोबर केली. म्हणून जुगाऱ्यास निव्वळ नालायक ठरवून हाकलून देणे हे अज्ञान आहे. तसेच त्याची जबाबदारी त्याच्या खांद्यावरून काढून घेणे हेही अज्ञानच आहे.

आता तर अड्ड्यापर्यंत चालत जाण्याचीही गरज उरली नाही. अड्डा खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसला. जुगाराच्या अड्ड्यांविरुद्ध मुंबई इलाख्यात १८८७ सालीच कायदा झाला होता. मोबाईलवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांविरुद्ध संसदेने २०२५ साली कायदा संमत केला. त्यात खेळ चालविणाऱ्यास व त्याची जाहिरात करणाऱ्यास शिक्षा आहे, खेळणाऱ्यास नाही. ही दृष्टी योग्य आहे. पण कायदा दुकान बंद करू शकतो, मनातील ओढ बंद करू शकत नाही. ते काम आपले आहे.

जुन्या पंचांगात कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असे नाव आहे आणि त्या दिवशी डाव मांडणे शुभ मानण्याची चाल आहे. बुद्धाच्या उपदेशात अशा शुभास जागा नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास भगवंतांनी जुगाराचे सहा अनर्थ सांगितले. जिंकणाऱ्यास वैरी उत्पन्न होतात. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हाती असलेली संपत्ती नष्ट होते. सभेत त्याच्या शब्दास किंमत राहत नाही. मित्र व सहकारी त्यास तुच्छ लेखतात. आणि कुटुंब पोसण्यास असमर्थ म्हणून त्यास कोणी मुलगी देत नाही. ह्या सहांपैकी पैशाविषयी थेट बोलणारे अनर्थ दोनच आहेत. बाकीचे सारे माणसामाणसांतील नाते तुटण्याविषयी आहेत. जुगार माणसास एकटा पाडतो, हे त्यातील मर्म आहे. आणि उपायही तेथूनच सुरू होतो.

एकट्याने केलेला निश्चय का मोडतो? कारण तो करणारा आणि मोडणारा एकच असतो, आणि मध्ये साक्षीदार कोणी नसतो. आज शंभर रुपये लावले हे कोणास कळणार नाही, उद्यापासून पुन्हा बंद, अशी तडजोड मनातल्या मनात होते. पत्नीपुढे किंवा आईपुढे घेतलेली शपथही बहुधा टिकत नाही. शपथ मोडल्यावर त्यांना तोंड दाखविण्याची लाज वाटते, लाजेतून खोटे बोलणे येते आणि खोट्यातून पुन्हा जुगार. ह्या माणसास असा साक्षीदार हवा की, ज्याच्यापुढे खरे बोलता येईल आणि ज्याला फसविता येणार नाही. असा साक्षीदार म्हणजे त्याच वाटेने गेलेला आणि परत फिरलेला मनुष्य.

हा शोध प्रत्यक्षात उतरलेला आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी अमेरिकेत १९३५ साली परस्परसाहाय्याची चळवळ सुरू केली. तिच्या धर्तीवर सप्टेंबर १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे निनावी जुगाऱ्यांचा संघ, स्थापन झाला. आज तो अनेक देशांत पसरला आहे. त्याची रीत साधी आहे. सभासद होण्यास एकच अट: जुगार सोडण्याची इच्छा. फी नाही. आडनाव विचारले जात नाही. सभेत कोणी उपदेश करीत नाही. प्रत्येक जण आपली हकीकत सांगतो, इतर ऐकतात. तेथे ऐकलेले बाहेर न्यावयाचे नाही. नव्याने येणाऱ्यापुढे वीस प्रश्न ठेवतात आणि त्यांची उत्तरे ज्याची त्यानेच द्यावयाची असतात. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. आजचा दिवस खेळणार नाही, एवढेच.

ह्या संघाच्या बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या एका शक्तीवर विश्वास ठेवण्याची गोष्ट येते. ईश्वर न मानणाऱ्या आपल्या लोकांस येथे अडखळल्यासारखे होईल. पण ती शक्ती कोणती, हे प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावे, अशी त्या संघाची मुभा आहे. आणि अनेक निरीश्वरवादी सभासद त्या जागी आपल्या गटासच मानतात. आपणांस तर हे सहज पटावे. कल्याणमित्र हा धम्मजीवनाचा अर्धा भाग होय, असे आनंद म्हणाला, तेव्हा भगवंतांनी त्यास थांबवून तो अर्धा नव्हे, संपूर्ण होय असे सांगितल्याचे संयुत्तनिकायात आहे. अत्त दीप भव ह्या शिकवणीशी ह्याचा विरोध नाही. चालावयाचे ज्याचे त्यानेच. पण अंधारात चार दिवे जवळ असले तर खड्डा दिसतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, जेथे असा संघ असेल तेथे जावे. नसेल तेथे चार-पाच समदुःखी माणसांनी आठवड्यातील एक वार व वेळ ठरवून एकत्र बसावे. विहाराची एक खोली त्यासाठी मिळू शकते. तेथील गोष्ट वस्तीत फुटली, तर दुसऱ्या आठवड्यास कोणी येणार नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दुसरी, प्रत्येकाने एका जुन्या सोबत्याचा फोन नंबर जवळ ठेवावा आणि ओढ लागताच, आकडा लावण्यापूर्वी, त्यास फोन करावा. ओढ लाटेसारखी असते. ती चढते आणि उतरते. तेवढा वेळ कोणाशी बोलत राहिल्याने निभावून जातो.

तिसरी, पगार काही काळ घरातील दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हाती असावा. मोबाईलमधील खेळ काढून टाकावेत आणि बँकेचे व्यवहार त्यावरून बंद करावेत. अड्ड्याच्या रस्त्याने जाऊ नये, खेळणाऱ्या मित्रांत बसू नये. मी आता बरा आहे, जरा परीक्षा पाहू, असे म्हणणे ही परीक्षा नव्हे, निमित्त आहे.

चौथी, सर्व कर्जांची यादी एका कागदावर लिहून सोबत्यांपुढे ठेवावी. एकही लपवू नये. घरच्यांस माझी विनंती आहे की, दागिने विकून त्याचे कर्ज एकदम फेडू नका. कर्ज दुसऱ्याने फेडले की जुगाऱ्यास नवी उधारी मोकळी होते. त्याच्या कमाईतून, ठरलेल्या हप्त्याने, त्यानेच ते फेडावे. त्या हप्त्यांत त्याचा स्वाभिमान परत येतो. घरातील स्त्रियांनीही आपसांत बसावे. जुगाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी असा स्वतंत्र संघही आहे. नवऱ्याच्या जुगाराचा दोष त्यांनी स्वतःकडे घेऊ नये.

पाचवी, जो घसरला त्यास त्याच आठवड्यात परत बोलवावे. त्याची निर्भर्त्सना करू नये आणि झाले ते झाले म्हणून सोडूनही देऊ नये. कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, खिशात किती पैसे असताना हे घडले, ते त्याच्याकडून नीट ऐकावे. त्यातून पुढचा खड्डा सर्वांस कळतो.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. अशा सभांस एक-दोनदा येऊन न परतणारे बरेच असतात, आणि केवळ सभेने प्रत्येकाचे भागते असे नाही. डॉक्टराचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. कर्जाच्या भाराने जीव देण्याचे विचार बोलून दाखविणाऱ्यास एक रात्रही एकटे सोडू नये. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य मदतसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मिळते. तो क्रमांक घरात लिहून ठेवावा.

शेवटी सर्वांत अवघड काळाविषयी. पहिले महिने भीतीने निघतात. खरी कसोटी वर्षानंतर येते. कर्ज बरेच फिटलेले असते, हाती चार पैसे खेळू लागतात, घरची माणसे पुन्हा विश्वास टाकू लागतात. मग मनुष्यास वाटते, आता सभेस कशास जावयाचे? सभा सुटते, आणि काही दिवसांनी आकडा पुन्हा लागतो. ज्याचे दुखणे ताजे आहे तो सभेस आधार घेण्यासाठी येतो. ज्याचे जुने झाले आहे त्याने आधार देण्यासाठी यावे. दुसऱ्यास धरून ठेवणारा हात स्वतःही सहसा सुटत नाही. नवा मनुष्य दाराशी येऊन बिचकत उभा राहील, तेव्हा त्यास आत घेणारा कोणी जुना सोबती तेथे असला पाहिजे.

आपल्यापैकी ज्यास हे ऐकताना आपलीच गोष्ट वाटली असेल, त्याने आज सर्वांसमोर उभे राहण्याचे कारण नाही. उद्या एकास सांगावे. एकापासून आरंभ होतो.