चपट्या नाकाचा सोबती



कसबा पेठेतील वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, आणि त्यांत बुलडॉगही आला.

1835 साली इंग्लंडात बैलांशी कुत्री झुंजविण्यास कायद्याने मनाई झाली;
त्यानंतर पिढ्यानुपिढ्या सौम्य होत गेलेला इंग्लिश बुलडॉग आज मुलांत रमणारा, शांत, परंतु अंगाने जड असा प्राणी आहे.

फ्रेंच बुलडॉग लहान व खेळकर;
दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास तोच मला अधिक योग्य वाटतो.

अमेरिकन बुलडॉगला मात्र मोकळे मैदान हवे.

नाक चपटे असल्याने इंग्लिश व फ्रेंच बुलडॉगांना ऊन सोसत नाही.
वैशाखात पहाटेच फिरवा.
चेहऱ्याच्या वळ्या पुसून कोरड्या ठेवा.
धाप थांबेना, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी घाला, आणि तत्काळ पशुवैद्य गाठा.

पुन्हा सांगतो : ऊन टाळा.

रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना, दोन्ही मुदतीत घ्या.