दोन्ही डग्लस

फ्रेडरिक डग्लस गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोरमध्ये मालकीण त्यांना मुळाक्षरं शिकवत होती. मालकाने ते बंद पाडलं. मग घरातला पाव देऊन ते गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांकडून वाचायला शिकले. पळून सुटल्यावर १८४५ मध्ये आत्मकथन लिहिलं, मालकाचं नाव न लपवता.

१८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव डळमळला, तेव्हा त्याच्या बाजूने डग्लस उभे राहिले. आणि १८६९ मध्ये तेच म्हणाले, आधी कृष्णवर्णीय पुरुषांना मत. कारणही खरं होतं: त्यांची माणसं मारली जात होती.

आपल्या बैठकीत ‘आधी समाजाची सुरक्षा, तलाकचं नंतर’ असं ऐकलं की मला दोन्ही डग्लस आठवतात. त्यांच्याकडचं ते ‘नंतर’ उजाडायला १९२० साल लागलं.